तिसरं बकल

माझ्या हाताला एक खोड आहे. चित्र काढायला घेतलं की पेन्सिलचं टोक आधी कागदावर दोनदा टेकवायचं, टक टक, आणि मगच रेघ ओढायची. चौथीत चित्रकलेच्या बाईंनी यावरून पट्टी मारली होती, तरी गेली नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे हीच खोड मी दुसऱ्या माणसाच्या हातात पाहिली. त्या दिवसापासून मला स्वतःचा हात निवांत बघवत नाही.

मी रोहिणी मगदूम. मिरजेत एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट. वय पन्नास, लग्न केलं नाही, तोंड फटकळ. पेशंट मला घाबरतात, मनातल्या मनात शिव्या घालतात आणि चालायला लागतात. एवढं सोडलं तर माझ्या आयुष्यात कौतुकानं सांगावं असं एकच होतं, ‘टपालवाली सगुणा’.

तुमच्यातल्या निम्म्यांनी हे नाव ऐकलेलं नसणार. पंधरवड्याला निघणारी चित्रकथा होती ती. सोळा पानं, काळा आणि विटकरी असे दोनच रंग, कागद इतका पातळ की मागच्या पानावरचा वाघ पुढच्या पानावर दिसायचा. सगुणा म्हणजे जिथं रस्ता नाही अशा डोंगरातल्या वस्त्यांवर टपाल पोचवणारी बाई. खाकी सदरा, खोचलेलं लुगडं, कमरेला थैली आणि थैलीला पितळेची दोन बकलं. दर अंकात एक पत्र. वाटेत पूर, दरड, चोर, काय वाट्टेल ते येवो, पत्र पोचायचं म्हणजे पोचायचं. आत काय लिहिलंय ते ती कधी विचारायची नाही. शेवटच्या चौकटीत तिची पाठ दिसायची, परत निघालेली.

फक्त अठ्ठ्याऐंशीव्या अंकात पाठ नव्हती. धरणाचं पाणी आटून वर आलेलं एक बुडीत गाव, चिखलात उभं राहिलेलं एकच घर, आणि सगुणाच्या हातात त्याच घराच्या पत्त्याचं पत्र. ती कडी वाजवते. दार बोटभर उघडतं. फटीत नुसता काळोख. पुढचा अंक आलाच नाही, छापखाना बंद पडला. मी तेव्हा बारा वर्षांची होते. दार कुणी उघडलं ते कळेपर्यंत जेवणार नाही म्हणून मी दोन दिवस बसले होते. आईनं पाठीत दोन धपाटे घातले तेव्हा जेवले.

सगुणा लिहिणारे आणि काढणारे एकच गृहस्थ, वसंत हुपरीकर. आम्हा पोरांना तिची चित्रं काढून त्यांना पाठवायची भारी हौस. तिसाव्या अंकात त्यांनी एक चौकट छापली. ‘चित्रं जरूर पाठवा. पण प्रत्येकानं आपली एक चूक ठरवून घ्या आणि ती दर चित्रात ठेवा. म्हणजे माझी सगुणा कोणती आणि तुमची कोणती, हे मला कायम कळेल.’ झालं! गावोगावची पोरं चुका ठरवायला बसली. माझ्या वर्गातल्या इक्बाल मुजावरनं सगुणाच्या पायात दोन वेगळ्या वहाणा घातल्या. मी थैलीला तिसरं बकल लावलं. अंक बंद पडून अडतीस वर्षं झाली, तरी आम्ही वीसेक माणसं अजून चित्रं काढतो, दिवाळीला एकमेकांना पाठवतो. इक्बालचं सतारीच्या तारांचं दुकान आहे, तिथं गल्ल्याखाली आमची ‘चुकांची वही’ असते. नंबर सतरा, मगदूम, तिसरं बकल.

कॉलेजात असताना मी आणि इक्बाल धीर करून हुपरीकर सरांच्या घरी गेलो होतो. “सर, दार कुणी उघडलं?” मी उंबऱ्यातच विचारलं. ते हसले. “तुम्हांला कशाला पाहिजे?” म्हणाले आणि चहा पाजून आम्हांला वाटेला लावलं. माणूस खट्याळ आहे, असं आम्ही बसमध्ये ठरवून टाकलं.

आणि या मार्चमध्ये त्यांना चाकाच्या खुर्चीत घालून माझ्याच विभागात आणलं.

केसपेपरवरचं नाव वाचून मी बाथरूममध्ये गेले, रडले, तोंड धुतलं आणि बाहेर येऊन त्यांच्या मुलीला झापलं, की दोन महिने काय करत होता? मुलगी कल्याणी. सांगलीत शाळेत गणित शिकवते. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मेंदूच्या डाव्या बाजूला झटका, उजवा हात गेलेला आणि वाचाही गेलेली. समजत सगळं होतं, पण शब्द निघत नव्हते, अक्षरं लिहिता येत नव्हती, मानसुद्धा नाही म्हणायचं तिथं हो अशी हलत होती. तोंडात दोनच शब्द उरले होते.

“सर, पाणी देऊ?” मी विचारलं.

“मग काय!” ते म्हणाले.

“नको का?”

“मग काय!”

आवाज अगदी ठणठणीत. ऐकणाऱ्याला वाटावं, गडी मजेत आहे. डोळे बघितले तर वेगळंच.

“अण्णांच्या डोक्यात शेवटचा अंक आहे, मॅडम,” कल्याणी म्हणाली. “आजारी पडायच्या आधीच्या आठवड्यात म्हणाले, आता काढून टाकतो. कागद कापून ठेवलेत. मला सांगितलं नाही त्यात काय आहे. कुणालाच नाही.”

अडतीस वर्षं ज्याची वाट बघितली ते माझ्यापासून दोन फुटांवर, त्या टकलाच्या आत होतं, आणि बाहेर यायला वाट नव्हती.

वाट एकच होती. आम्ही तिला बाही म्हणतो.

लोकांना वाटतं अर्धांगात हात मरतो. हात धडधाकट असतो. मेंदूतून निघालेला हुकूम त्याच्यापर्यंत पोचत नाही, एवढंच. बाही म्हणजे कोपराच्या वरपर्यंत येणारा तंग कापडी मोजा, आतून दोनशे बारीक धातूचे ठिपके. एकेक ठिपका एकेका स्नायूला हलकासा करंट देतो आणि स्नायू आखडतो. डोक्यावर एक टोपी असते, ती पेशंटचा इरादा पकडते. पण टोपीला ढोबळ तेवढंच कळतं, पेला उचलायचाय, रेघ ओढायचीय. कुठलं बोट किती वाकवायचं, किती दाबायचं, कुठं सैल सोडायचं, हे बारीक ज्ञान तिला कळत नाही. ते दुसऱ्याच्या हातातून घ्यावं लागतं. त्या माणसाला आम्ही दाता म्हणतो. दात्यानं तीन आठवडे दिवसभर तशीच एक बाही घालून वावरायचं, ती त्याच्या हाताची प्रत्येक हालचाल टिपते. मग इरादा पेशंटचा, कसब दात्याचं. आणि खरी गंमत पुढे आहे. रोज त्याच वळणानं हात हलला की मेंदू हळूहळू ते वळण शिकतो, नवा रस्ता पाडतो, आणि काही महिन्यांनी बाही काढून टाकली तरी हात चालतो. मी शेकडो माणसांना असं जेवताना पाहिलंय. घास उचलायला बायकोचा हात वापरला काय नि भावाचा काय, कुणाला फरक पडतो?

“दाता म्हणून तुम्ही बसाल?” मी कल्याणीला विचारलं.

“मला फूटपट्टी धरूनही सरळ रेघ येत नाही, मॅडम.”

“मग मी आहे,” मी म्हटलं. विचार केलाच नाही. सगुणाच्या रेघा आठव्या वर्षापासून गिरवलेला दुसरा हात मिरजेत कुठून आणणार?

तीन आठवडे बाही घालून मी भाकऱ्या थापल्या, केस बांधले, पेशंटचे गुडघे वाकवले आणि रोज संध्याकाळी सगुणा काढली. चाळीसएक चित्रं झाली असतील. सगळ्यांत तिसरं बकल होतं. हे मला तेव्हा खटकलंही नाही. इतक्या वर्षांच्या सवयीत ती चूक आहे हेच मी विसरले होते.

एप्रिलच्या पहिल्या सोमवारी सकाळी अकराला सरांना बाही चढवली. मांडीवर बोर्ड, बोर्डावर कागद. कल्याणी मोबाईल धरून उभी.

“सर, सगुणा काढा.”

त्यांनी डोळे मिटले. टोपीवरचा हिरवा दिवा लागला. तीन महिने लुळा पडलेला हात उठला, पेन्सिल धरली, आणि करंगळी वर गेली. लहानपणी तव्याला भाजल्यापासून माझी करंगळी कागदाला टेकत नाही. सरांची करंगळी चांगली होती, तरी टेकेना. मग पेन्सिलचं टोक कागदावर आलं. टक. टक.

सुरकुतलेली, डाग पडलेली ती बोटं त्यांची होती, आणि चालत होती माझ्यासारखी. सदऱ्याची कॉलर मी जशी खालून वर ओढते तशी ओढली. लुगड्याच्या निऱ्या काढताना मी जशी मनगट झटकते तसं मनगट झटकलं. थैली आली. एक बकल, दोन बकलं. आणि तिसरं.

सरांनी डोळे उघडले. आधी चेहरा फुलला, लहान मुलासारखा. मग नजर थैलीवर गेली आणि तिथंच राहिली. डावा हात हळूहळू पुढे आला. एक बोट तिसऱ्या बकलावर टेकलं.

“मग काय,” ते म्हणाले. बोट दाबलं. “मग काय. मग काय!”

“अण्णा!” कल्याणी रडायला लागली. “बघा ना मॅडम, केवढा आनंद झालाय त्यांना.”

सर माझ्याकडे बघत होते. आनंद झालेला माणूस असं बघत नाही, एवढं मला कळत होतं. मी म्हटलं, “आजच्यापुरतं बास.”

पंधरा दिवसांनी कल्याणीनं मला घरी बोलावलं. भर दुपार, बाहेर ऊन नुसतं रखरखत होतं. “ताई,” ती दारातच कुजबुजली, मॅडमची ताई कधी झाले होते कोण जाणे, “अण्णा आयुष्यात कधी स्वयंपाकघरात गेले नाहीत हो. हे बघा काय ते.”

सर खिडकीपाशी बसले होते, बाही घातलेली. समोरच्या ट्रेवर उजवा हात थापत होता. थाप, थाप, जरा फिरव, थाप. ट्रेवर काही नव्हतं. माझी आई भाकरी थापताना दर चार थापांनंतर पीठ लावायला हात बाजूला न्यायची, मी तिचंच उचललेलं. तो हातही बाजूला गेला, नसलेल्या पिठात बुडला, परत आला. मग वर उठला आणि कानामागे केसांची बट सारली. सरांना केस नाहीत. ते मान मागे घेऊन त्या हाताकडे बघत होते, घरात न विचारता शिरलेल्या माणसाकडे बघावं तसे.

कल्याणी हसायला लागली आणि मधेच थांबली. “हे कुणाचं आहे, ताई?”

“दात्याचं थोडंफार येतं,” मी म्हटलं. “जाईल वापरानं.”

जात नाही. मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सरांनी काढलेलं पहिलं चित्र घेऊन मी इक्बालच्या दुकानात गेले. तो पितळी तारेची गुंडाळी करत होता. चष्मा कपाळावर चढवून त्यानं चित्र उजेडात धरलं. नुसतं एकदा बघितलं.

“सतरा नंबर.”

“माहितीय मला.”

“हे सरांनी काढलं?”

“सरांच्या हातानं.”

“ते नाही विचारलं मी.” त्यानं चित्र खाली ठेवलं. “रोहिणी, त्यांनीच सांगितलेलं ना, चूक दिसली की ती माझी नव्हे म्हणून? आता त्यांनाच दिसलीय. बोट ठेवून सांगतायत की. त्या पोरीला सांगून टाक.”

“सांगून काय होईल? बाही काढायला लावेल. अंक सरांच्या डोक्यातच राहील आणि एक दिवस त्यांच्याबरोबर जाईल. दार कुणी उघडलं ते नको तुला कळायला?”

इक्बालनं तारेचं टोक खिळ्याला अडकवलं. “पाहिजे की. पण त्यांच्याकडनं.”

मी तरातरा निघून आले. मला राग आला की मी असंच करते. आणि रागाच्या भरात जे केलं ते सांगायला मला आजही जड जातं.

मी आठवडाभर पुन्हा दात्याची बाही घातली. विभागात सांगितलं, थोडी दुरुस्ती आहे. रोज वीस चित्रं काढली, दोन बकलांची. पहिल्या दिवशी हात ऐकेना. वीसपैकी चौदा चित्रांत तिसरं बकल आपोआप उतरलं. मग मी मोठ्यानं मोजायला लागले, एक, दोन, बास. आठवड्याच्या शेवटी खोड मोडली. नवी नोंद सरांच्या बाहीत भरली.

पुढच्या वेळी थैलीला दोनच बकलं आली. सरांचं डावं बोट नेहमीसारखं पुढे आलं आणि कागदावर फिरत राहिलं, तिसऱ्याची जागा शोधत. तिथं काही नव्हतं. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. “मग काय,” म्हणाले, अगदी बारीक आवाजात.

त्या मुक्या माणसाकडे ‘हे माझं नाही’ म्हणायला एवढी एकच जागा होती. ती मी बुजवली. स्वतःला सांगितलं, अंकासाठी केलं. लाज वाटत होती, तरी सांगितलं.

मे-जूनमध्ये अंक झाला. आठवड्याला दोन पानं. चिखल, बुडीत गाव, वाकलेला विजेचा खांब, सगुणाची पावलं. यातलं किती त्यांचं आणि किती माझं, मला सांगता येत नव्हतं. पंधराव्या पानावर तिनं पुन्हा ती कडी वाजवली. सोळाव्याला दार उघडायला लागलं, आणि मी खुर्ची पुढे ओढून बसले. अडतीस वर्षं!

फटीतून आधी एक कपाळ आलं. कुंकू जरा डावीकडे सरकलेलं. मग उजव्या भुवईत एक खाच.

माझ्या आईच्या भुवईत तशी खाच होती, रहाटाचा दांडा लागून पडलेली. मी एकोणीस वर्षांची असताना आई गेली. त्या आठवड्यात मी एका वहीत माझा स्वतःचा एकोणनव्वदावा अंक काढला होता. त्यात दार सगुणाच्या आईनं उघडलं होतं. ती वही आजवर कुणाला दाखवलेली नाही, इक्बाललाही नाही. पण दरवर्षी आईच्या तिथीला मी ते शेवटचं पान पुन्हा काढते. दार काढलं की आतून तीच यायची, हे माझ्या हाताला पाठ झालं होतं. टोपीनं सरांचा इरादा पकडला असेल, दार. पुढचं सगळं हातानं भरलं.

सर ओरडले नाहीत, त्यांना ओरडता येत नव्हतं. त्यांनी पाठ खुर्चीत दाबली, खांदा मागे घेतला. अंग मागे जात होतं आणि हात पुढे. कधीही न पाहिलेल्या एका बाईच्या केसांत तो हात एकेक रेघ ओढत होता, सावकाश, मायेनं, तेल लावावं तसा. “मग काय, मग काय, मग काय,” ते म्हणत होते आणि त्यांच्या गालावरून पाणी ओघळत होतं.

बाही बंद करायचं बटण माझ्या गुडघ्यापाशी होतं. मी ते दाबायला हवं होतं. पण एकतीस वर्षांनी आई समोर येत होती, आणि माझ्या वहीत नव्हती इतकी जिवंत येत होती. ओठ अजून राहिले होते. मी ओठ पुरे होऊ दिले.

कल्याणीनं टाळ्या वाजवल्या. “सगुणाची आई! अण्णा, किती गोड शेवट!”

अंक छापायला तयार झालेले पुण्याचे प्रकाशक खूश झाले. जाहिरात झाली, आमच्या वीस जणांत आनंदीआनंद. इक्बालनं मला फोन केला नाही. ऑगस्टमध्ये छपाईआधीची प्रुफं आली, कागदावरची, कारण सरांनी बघून मान्य करायची होती. मान्य म्हणजे काय, ‘मग काय’ म्हणतील की!

दोन दिवसांनी कल्याणी ती फाइल घेऊन माझ्या विभागात आली. वैतागली होती.

“अण्णांनी सगळी खराब केली, ताई. मी शाळेत गेले होते, बाही काढून ठेवलेली. पेन कुठून मिळालं देव जाणे.”

मी फाइल उघडली. निळ्या बॉलपेनच्या रेघा. वेड्यावाकड्या, थरथरत्या, डाव्या हाताच्या. पहिल्या पानावर सगुणा तीनदा होती, तिन्ही थैल्यांवर एकेक चौकोनी खोका. दुसऱ्या पानावर चार. मी सगळी पानं उलटली. एकही थैली सुटली नव्हती. सोळा पानांत एकेचाळीस थैल्या आणि एकेचाळीस बकलं. तिसरं बकल. काही ठिकाणी कागद फाटेपर्यंत गिरवलेलं.

शेवटच्या पानावर आईच्या चेहऱ्याला त्यांनी हात लावला नव्हता. एक रेघही नाही. खाली उजव्या कोपऱ्यात, जिथं ते सही करायचे, तिथं एक बकल काढलं होतं. ते मात्र जपून, जमेल तेवढं सरळ.

मी खाली बसले. फरशीवरच. आणि कल्याणीला सगळं सांगितलं, तिसाव्या अंकातल्या चौकटीपासून. वही, इक्बाल, दुरुस्तीचा आठवडा, माझी आई.

“म्हणजे चार महिने अण्णा नाही म्हणत होते,” ती शेवटी म्हणाली, “आणि मी टाळ्या वाजवत होते.”

तिनं मला मारलं असतं तर बरं झालं असतं.

अंक थांबला. प्रकाशक चिडले, आमचे वीस जण माझ्यावर तुटून पडले, ते सगळं रास्तच होतं. बाही त्याच दिवशी कायमची काढली. पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. आठवड्यानं सर तपासणीला आले तेव्हा मी टेबलावर पेन्सिल ठेवली. बाही नाही, टोपी नाही. उजवा हात स्वतःहून उठला, पेन्सिल धरली, करंगळी वर गेली. टक. टक. मेंदूनं रस्ता पाडला होता. आमच्या विभागाच्या कागदपत्रांत ही सगळ्यात यशस्वी केस आहे. त्यांचा जुना हात आता कधी परत येणार नाही. त्या रस्त्यावरून माझाच हात येत राहणार, ते आहेत तोवर.

त्या वेळी सर डाव्या हाताकडे बघत होते. मला तेव्हा कुठं सुचलं की इतक्या महिन्यांत त्यांच्या डाव्या हातात कुणी पेन्सिल दिलीच नव्हती. आम्ही सगळे उजव्याच्या मागे लागलो होतो. प्रुफं खराब करायला त्यांनी पेनही चोरूनच मिळवलं होतं.

कल्याणीनं मला घरी यायला मनाई केली नाही. का नाही केली, मी विचारलं नाही. पुढच्या रविवारी सकाळी मी गेले. तिनं सरांसमोर त्यांनीच कापून ठेवलेला कागद लावला आणि डाव्या मुठीत पेन्सिल दिली. सरांनी कितीतरी वेळानं एक उभी रेघ ओढली. लगेच उजवा हात धावत आला, पेन्सिल हिसकावून घेतली आणि त्या रेघेशेजारी सुबक चौकट काढायला लागला. सरांनी ती परत काढून घेतली. हात पुन्हा आला.

“ताई,” कल्याणी म्हणाली, “तुमचा हात धरा.”

मी आधी माझ्या हाताकडे बघितलं. मग कळलं. मी सरांच्या उजव्या बाजूला बसले आणि त्यांचा पंजा टेबलावर माझ्या पंजाखाली दाबून धरला. तो गरम होता आणि सारखा वळवळत होता.

असे सहा रविवार गेले. एवढ्यात एकच चौकट झाली. रेघा तुटक, कुठं दुहेरी, पहिलीतल्या मुलाच्या. बुडीत घराचं दार, बोटभर उघडं. फटीत काळोख. उंबऱ्यावर ठेवलेलं पत्र. आणि चिखलातून परत निघालेली सगुणाची पाठ. कमरेला थैली, थैलीला दोन बकलं.

सरांनी पेन्सिल खाली ठेवली. फटीकडे बोट दाखवलं, माझ्याकडे बघितलं, आणि एकतीस-बत्तीस वर्षांपूर्वी उंबऱ्यात हसले होते तसे हसले.

“मग काय,” म्हणाले.

मला रडू फुटलं. डोळे पुसायलाही हात मोकळा केला नाही, कारण पंजाखाली टेबलावर बोटं आपटायला लागली होती. टक, टक. थोडं थांबून पुन्हा, टक, टक. त्या हाताला अजून फटीत कुणालातरी काढायचं होतं. मी दोन्ही हातांनी तो दाबून धरला आणि कल्याणीला म्हटलं, आधी तो कागद उचल.